सूर्यास्त फुकट आहे, पैसे त्याच्या खालच्या अंधाराचे मिळतात



फोटोग्राफीचा धंदा सुरू करू पाहणारी मुलं-मुली आपलं काम दाखवायला येतात, तेव्हा बहुतेकांच्या मोबाईलमध्ये एक फोटो हमखास असतो. पर्वतीवरून नाहीतर वेताळ टेकडीवरून काढलेला पुण्याचा सूर्यास्त. आकाश शेंदरी आणि जांभळं, ढगांना काळ्या कडा, खाली इमारती चमचमतायत. खाली लिहिलेलं असतं, 'एचडीआर'. लाईक भरपूर पडलेले असतात. मग मी एकच प्रश्न विचारतो, "यातून पैसे किती आले?" उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. शून्य.

आज त्याच शून्यावर बोलू. माझं मत आधीच सांगून टाकतो, पटलं नाही तर खाली भांडा माझ्याशी. एचडीआर हे तंत्र आकाश भडक करण्यासाठी नाही. आकाश उजळ असताना त्याच्या खाली जे काळं पडतं, ते नीट दिसावं म्हणून हे तंत्र आहे. आणि ग्राहक पैसे देतो ते त्या काळ्या पडलेल्या भागाचे. त्याचं हॉटेल, त्याचं लॉन, त्याचं घर, त्याचं शेड. सूर्यास्त तर रोज फुकट होतो, आणि प्रत्येकाच्या खिशात तो टिपणारा मोबाईल आहे.

उदाहरण म्हणून एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. वरवे बुद्रुक, तालुका भोर. पुणे-सातारा हायवेवर, खेड शिवापूर आणि नसरापूरच्या दरम्यान. इथला एखादा मुलगा जुना कॅमेरा विकत घेतो आणि पहिल्या रविवारी कात्रज ओलांडून पुण्यात सूर्यास्त टिपायला जातो. जाऊ दे की! शहराच्या सूर्यास्तावर हात चांगला बसतो. पण पर्वतीवर त्या वेळी त्याच्यासारखेच कितीतरी जण कॅमेरा लावून उभे असतात. आणि त्याच्या स्वतःच्या गावासमोरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर रोज संध्याकाळी हॉटेलांचे बोर्ड पेटतात, ते कोणी नीट टिपत नाही. सराव शहरात करा, धंदा हायवेवर शोधा.

आधी गणित, मग बटण

डायनॅमिक रेंज म्हणजे समोरच्या दृश्यातला सगळ्यात उजळ भाग आणि सगळ्यात काळोखा भाग यांतलं अंतर. ते 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप वाढला की प्रकाश दुप्पट. म्हणजे दहा स्टॉपचं अंतर १,०२४ पट झालं. आजचे चांगले कॅमेरे रॉ फाइलमध्ये साधारण १२ ते १४ स्टॉप पकडतात. पण फ्रेममध्ये मावळता सूर्य असेल आणि त्याच फ्रेममध्ये सावलीतला दरवाजा असेल, तर अंतर याच्याही पुढे जाऊ शकतं. शिवाय शेवटी जी साधी जेपेग फाइल आपण पाठवतो, तिच्यात प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात.

परिणाम काय? आकाश सांभाळलं तर हॉटेल काळं ठिक्कर. हॉटेल सांभाळलं तर आकाश पांढरं फटक. म्हणून एकाच जागेवरून कमी-जास्त प्रकाशाचे तीन फोटो काढायचे आणि त्यांतला चांगला चांगला भाग एकत्र करायचा. एचडीआरचं सगळं गुपित एवढंच आहे.

ही अडचण आजची नाही. १८५० च्या दशकात गुस्ताव ल ग्रे नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरला हाच त्रास होता. समुद्र नीट यायचा तेव्हा आकाश कोरं जायचं. त्याने काही चित्रांसाठी दोन वेगळ्या निगेटिव्ह वापरल्या, एक आकाशासाठी आणि एक समुद्रासाठी, आणि दोन्ही मिळून एक प्रिंट बनवली. लोक थक्क झाले. १९९९ मध्ये लंडनच्या लिलावात त्याच्या समुद्राच्या एका प्रिंटला पाच लाख पौंडांहून जास्त किंमत आली.

पण धंदा शिकणाऱ्यांनी पुढचा भाग ऐका. त्याचा पॅरिसमधला मोठा स्टुडिओ १८६० मध्ये बंद पडला. देणी होती. तो शहर सोडून गेला आणि १८८४ मध्ये कैरोत वारला. तंत्र जगात पहिल्या रांगेचं होतं, तरी दुकान चाललं नाही. तंत्र आणि धंदा ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दोन्ही शिकावी लागतात.

आज तर 'मला एचडीआर येतं' हे सांगण्यासारखंही राहिलेलं नाही. आयफोनमध्ये एचडीआर २०१० मध्येच आलं. आता साधे मोबाईलही बटण दाबताच आपोआप अनेक फोटो घेऊन जोडतात. जे काम ग्राहकाचा फोन फुकट करतो, त्याचे पैसे ग्राहक तुम्हाला का देईल? फोनला जे कळत नाही, ते तुम्हाला कळलं पाहिजे.

हायवेची उजवी बाजू आणि डावी बाजू

फोनला काय कळत नाही, ते बघा. वरव्याजवळ हायवे ढोबळमानाने उत्तर-दक्षिण जातो. तुम्ही पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, तर डाव्या हाताच्या हॉटेलांची तोंडं पश्चिमेकडे आहेत. संध्याकाळचं ऊन थेट त्यांच्या पाट्यांवर आणि दारावर पडतं. सूर्य तुमच्या पाठीशी ठेवा, एक फोटो काढा, झालं काम. तिथे एचडीआर लागतच नाही. उगाच लावाल तर चांगल्या फोटोचा चिवडा होईल.

उजव्या हाताच्या हॉटेलांची तोंडं पूर्वेकडे. संध्याकाळी त्यांच्या मागे आकाश पेटलेलं असतं आणि दर्शनी बाजू सावलीत काळी पडलेली असते. मालक मोबाईलवर फोटो काढतो, पाटीवरचं नाव वाचता येत नाही, आणि तो कपाळाला हात लावतो. हा तुमचा ग्राहक! याला एचडीआरची खरी गरज आहे. तुम्ही त्याला सांगा, "काका, तुमचं तोंड पूर्वेला आहे. सकाळचा फोटो एका टिपणीत येईल. पण संध्याकाळचा गिऱ्हाईक ज्या वेळी गाडी थांबवतो, त्या वेळचं हॉटेल दाखवायचं असेल तर काम वेगळं आहे, आणि ते मला येतं." एवढं वाक्य बोललात की तुम्ही कॅमेरावाला पोऱ्या राहत नाही. तुम्ही त्याच्या धंद्याचं बोलणारा माणूस होता.

आणखी एक हिशोब. सूर्य वर्षभर बरोबर पश्चिमेला मावळत नाही. आपल्या भागात जूनअखेरीस तो पश्चिमेच्या उत्तरेला जवळपास २५ अंश सरकलेला असतो आणि डिसेंबरअखेरीस दक्षिणेला तेवढाच. म्हणजे ज्या लॉनच्या कमानीमागे जूनमध्ये सूर्य येतो, तिथे डिसेंबरमध्ये येणार नाही. वेळही बदलते. जुलैच्या सुरुवातीला पुण्यात सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास असतो आणि नोव्हेंबरअखेरीस सहाच्या जरा आधी. शिवाय मुंबईत मरीन ड्राइव्हवर समोर मोकळा समुद्र आहे, तिथे पंचांगातल्या वेळेला सूर्य बुडतो. आपल्याकडे पश्चिमेला डोंगर आहेत, त्यांच्याआड तो आधीच जातो. त्यामुळे जागेवर एक दिवस आधी जाऊन घड्याळ लावून बघा. ग्राहकाला वेळ देण्याआधी हे केलंच पाहिजे.

हंगामही समजून घ्या. पावसाळ्यात सह्याद्रीच्या या पायथ्याला कित्येक संध्याकाळी आकाश झाकलेलं असतं. पाऊस ओसरला की धूळ बसलेली असते, उंच ढग असतात, आणि सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत रंग छान मिळतात. रंग सूर्य टेकल्यावर लगेच संपत नाहीत. बऱ्याचदा खालून उजळणारे ढग नंतरच पेटतात. आपल्याकडे सूर्यास्तानंतर कामाचा संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटं टिकतो. अर्धे लोक सूर्य गेला की ट्रायपॉड आवरतात. तुम्ही थांबा. त्या वेळी आकाशाचा उजेड आणि हॉटेलच्या दिव्यांचा उजेड जवळजवळ सारखा होतो. दृश्यातलं अंतर आपोआप कमी होतं आणि एचडीआरला कमी ओढाताण करावी लागते. शहरात पर्वतीवरून घराघरांतल्या खिडक्या याच वेळी सुंदर दिसतात. सगळ्यात चांगलं एचडीआर कधीकधी पंधरा मिनिटं थांबण्यात असतं.

हात बसवायची पद्धत

हे लिहून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा.

१. ट्रायपॉड घट्ट. हायवेलगत जड गाड्यांनी जमीन हलते, म्हणून रस्त्यापासून लांब आणि पक्क्या जागी लावा. दुभाजकावर आणि गाड्यांच्या लेनमध्ये कधीही नाही. फोटोपेक्षा जीव मोठा.

२. आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८, फोकस एकदा लावून बंद. तीनही फोटोंत फक्त शटरची वेळ बदलायची. उदाहरणार्थ सेकंदाचा १२५ वा भाग, ३० वा भाग आणि ८ वा भाग. यांत दोन-दोन स्टॉपचं अंतर पडतं.

३. व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वर ठेवू नका. तो संध्याकाळचा केशरी रंग 'दुरुस्त' करायला जातो. 'डेलाइट'वर ठेवा.

४. रॉमध्ये काढा. सगळ्यात काळ्या फोटोत आकाश जळलेलं नसावं, सगळ्यात उजळ फोटोत पाटीखालची सावली दिसावी. हे दोन तपासले की मधलं आपोआप येतं.

५. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका. डोळा जाईल. मागचा स्क्रीन वापरा.

६. हलणाऱ्या गोष्टी सांभाळा. झाडाची फांदी, झेंडा, चालणारा वेटर, पळणाऱ्या गाड्या, हे तीन फोटोंत तीन जागी येतात आणि जोडल्यावर भुतं दिसतात. हायवेवरच्या दिव्यांच्या रेघा हव्या असतील तर त्या एकाच लांब एक्स्पोजरच्या फोटोतून घ्या आणि आकाश दुसऱ्यातून. जोडणी हाताने करा.

सॉफ्टवेअरसाठी पहिल्याच महिन्यात पैसे घालायची गरज नाही. डार्कटेबल आणि ल्युमिनन्स एचडीआर फुकट मिळतात. शिकायला पुरेसे आहेत.

आणि जास्त झालं हे ओळखायचं कसं? डोंगराच्या किंवा इमारतीच्या कडेला पांढरी पट्टी दिसते का? पांढरे ढग मळकट राखाडी झालेत का? गवत विजेच्या दिव्यासारखं चमकतंय का? सूर्य समोर असूनही कुठेच सावली उरली नाही का? यांतलं एकही 'हो' आलं तर स्लायडर मागे घ्या. संध्याकाळ आहे, थोडा अंधार राहू द्या. अंधार राहिला तरच दिवे दिसतात.

"पण सर, ग्राहकालाच भडक हवं असतं"

हा प्रश्न मला माहीत आहे, आणि तो खोटा नाही. मालक म्हणतो, "जरा कलर मारा ना." तुम्ही नाही म्हणालात तर तो दुसऱ्याकडे जाईल अशी भीती वाटते.

पण फोटो बघून पुढे काय होतं, याचा विचार करा. हायवेवरच्या धाब्याचा ग्राहक एकदाच येऊन जाणारा असेलही. पण महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, आणि शेतावर राहायला खोल्या देणारे शेतकरी ऑनलाइन बुकिंगवर अवलंबून आहेत. पुण्यातलं कुटुंब फोटो बघून पैसे भरतं. तिथे पोचल्यावर फोटोतलं हिरवंगार माळरान वाळलेलं निघालं, तळं डबकं निघालं, तर ते चहाच्या आधी रिव्ह्यू लिहितात. तो रिव्ह्यू मालकाच्या नावावर पडतो, आणि मालक तुम्हाला पुन्हा बोलावत नाही. तुमचं एक काम झालं आणि पुढची दहा गेली.

प्लॉट आणि सेकंड होमच्या जाहिरातींत तर प्रकरण आणखी पुढे जातं. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं, तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नुसतं आकाश केशरी केलं म्हणून कोणी कोर्टात जात नाही. पण आकाशाच्या नादात विजेचे खांब पुसले, डोंगर जवळ आणला, उघड्या माळावर झाडी उगवली, तर ती माहितीच खोटी झाली. फोटोशॉपमध्ये आकाश बदलायची सोय २०२० पासून एका क्लिकवर आहे. क्लिक सोपं आहे. पण पूर्वेच्या खिडकीत मावळता सूर्य दाखवलात, तर प्लॉट बघायला आलेला माणूस संध्याकाळी पाचला तिथेच उभं राहून तुमचं खोटं पकडेल.

मग मालकाला काय सांगायचं? भांडायचं नाही. दोन फाइल द्यायच्या. एक स्टेटसला आणि सणाच्या शुभेच्छांना, तिथे रंग थोडा चढा चालेल. दुसरी बुकिंगसाठी, वेबसाइटसाठी आणि फ्लेक्ससाठी, ती खरी. आणि फ्लेक्सचं तर छापखानाच तुमच्या बाजूने बोलेल. स्क्रीनवर जो झगमगीत केशरी दिसतो, तो छपाईच्या चार शाईंत तसा उतरत नाही, मळकट येतो. ऑर्डरआधी एक फुटाचा तुकडा छापून मालकाच्या हातात द्या. भडक आणि साधा, दोन्ही शेजारी शेजारी. मग तुम्हाला काही समजवावं लागत नाही.

भाव सांगताना जीभ अडखळू देऊ नका

सूर्यास्ताच्या कामात दिवसाला कामाची मिनिटं चाळीसच. वीस आधी, वीस नंतर. म्हणजे एका संध्याकाळी एकच ग्राहक. म्हणून भाव फोटोमागे लावू नका, संध्याकाळीमागे लावा.

एक हिशोब मांडू. आकडे तुमचे तुम्ही घाला, मी फक्त पद्धत दाखवतो. धरून चला की कॅमेरा, लेन्स आणि ट्रायपॉड मिळून ६०,००० रुपये गेले आणि ते तीन वर्षांत वसूल करायचेत. महिन्याला साधारण १,६७० रुपये झाले. महिन्याला सहा कामं धरली तर कामामागे २८० रुपये. जाणं-येणं आणि शूट तीन तास, एडिटिंग तीन तास, बोलणं आणि फाइल देणं एक तास, असे सात तास. तासाला ३०० रुपये धरले तर २,१०० रुपये. पेट्रोल २०० रुपये. आता ढग! तीनपैकी एक संध्याकाळ वाया जाते असं धरा. त्या फेरीचे तीन तास आणि पेट्रोल मिळून १,१०० रुपये, ते दोन यशस्वी कामांवर वाटले तर प्रत्येकी ५५०. एकूण झाले ३,१३० रुपये. ही तुमची पडलेली किंमत आहे, नफा यात नाही.

आता सांगा, हजार-पंधराशेत हे काम घेणारा किती दिवस टिकेल? तो पहिल्या ढगाळ आठवड्यात उधारीवर येतो. बऱ्याच जणांचे कॅमेरे वर्षभरात विकायला निघतात ते याच कारणाने, कला कमी पडते म्हणून नव्हे.

कागदावर तीन ओळी

काम घेताना व्हॉट्सॲपवर का होईना, तीन गोष्टी लिहून घ्या. पहिली, अर्धे पैसे आगाऊ. दुसरी, आकाश झाकलं असेल तर शूट पुढच्या ठरलेल्या दिवशी, आणि अशी एक फेरी भावात धरलेली आहे. तिसरी हक्काची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो पैसे देणारा ग्राहक असतो. म्हणजे तेच फोटो तुम्हाला स्वतःच्या जाहिरातीत वापरायचे असतील, तर तशी परवानगी आधी लिहून घ्यावी लागते. ज्याच्या जिवावर पुढचं काम मिळणार, तेच दाखवता आलं नाही तर काय उपयोग?

उद्यम नोंदणीही करून टाका. ती ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

आता या आठवड्याचं काम. तुमच्या घरापासून पाच किलोमीटरच्या आत, ज्यांचं तोंड पूर्वेला आहे आणि ज्यांचा धंदा संध्याकाळी चालतो अशी दहा ठिकाणं शोधा. हॉटेल, लॉन, नर्सरी, पेट्रोल पंपाशेजारचं दुकान, काहीही. त्यांतल्या एका मालकाला भेटा, परवानगी घ्या आणि एक संध्याकाळ नमुना म्हणून टिपा. फोटो मोबाईलवर पाठवू नका, छापून न्या. मालक आधी आकाशाकडे बघतो की स्वतःच्या पाटीकडे, ते तिथे उभं राहून बघा आणि खाली कमेंटमध्ये मला कळवा.

माझा अंदाज पाटीचा आहे.